छातीतला धूर

"तोंडातला धूर पळतो. छातीतला चालत येतो," असं म्हणून भाऊ मान जराशी तिरकी करायचे आणि दिव्याच्या झोतात धूर सोडायचे. तो खरंच चालत यायचा.

तुम्हीही त्यांना पाहिलं असेल, ओळखलं नसेल. सिनेमात नायक गॅलरीत पाठमोरा उभा असतो आणि मग पडदाभर नुसता हात दिसतो, बोटांत सिगारेट. तो हात कधीकधी भाऊंचा असायचा. लोहगडवाडीत त्यांचं पिठलं-भाकरीचं छोटं दुकान. लोणावळ्यातल्या बंगल्यांवर शूटिंग आलं की स्थानिक माणसं पुरवायचं काम माझं. एका नायकाला धुराचा ठसका लागायचा, म्हणून मी भाऊंना नेलं. बोटं लांबसडक, धूर संथ. दिग्दर्शक खूश. पुढे दर वेळी मीच फोन करायचो.

प्रत्येक टेकमध्ये सिगारेट तेवढीच जळलेली दिसावी लागते. म्हणून दर वेळी नवी पेटवायची आणि ठरलेल्या खुणेपर्यंत जळू द्यायची. बाकीचे ती नुसती हातात जळू देत. भाऊ ओढत. "आयती पेटलीय, वाया का घालवायची?"

वहिनी चिडायच्या. "हितं बिडीला शिवत न्हाईत, आन् तितं दुसऱ्याच्या तोंडासाठी छाती जाळत्यात."

"अगं, हिरोला वळण लावतुय मी," भाऊ म्हणायचे.

शेवटच्या शूटिंगला त्यांचा खोकला थांबेना. मी पाणी दिलं, पाठ चोळली आणि म्हणालो, "भाऊ, एकच."

"तुमचं एकच लय लांबतं," ते म्हणाले, आणि पेटवली.

फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. वर्षाच्या आत भाऊ गेले.

परवा तो शेवटचा सिनेमा टीव्हीवर लागणार होता. वहिनींना तो हात पाहायचा होता. घरातल्या फोटोंत भाऊ आहेत, पण सगळे छातीपर्यंतच. मी शेजारी बसलो. गॅलरी आली, पाठमोरा नायक आला. मग हात आला, आणि चॅनेलवाल्यांनी सिगारेटीसकट बोटं धूसर करून टाकलेली. खाली इशाऱ्याची ओळ.

"हात का पुसलाय?"

मी सांगितलं, टीव्हीवर सिगारेट दाखवत नाहीत. बघून माणसं ओढायला लागतात.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "मग तुमी ह्यास्नी का वडायला लावली?"

 तेवढ्यात टीव्हीवर चौकटीच्या कडेने धूर आत आला. त्याला कसलीच घाई नव्हती.

वहिनी पुढे सरकल्या. "ह्येच हायत," त्या म्हणाल्या.