फावडं घेऊन हाजऱ्याला

आमच्या घरात पाणी पडणं ही कौतुकाची गोष्ट नव्हती. आम्ही तलाव बांधणाऱ्यांपैकी. पाणी अडलं तर धान, धान पिकलं तर घर. घागर फुटली तरी ‘फुटली’ म्हणायची सोय नव्हती, ‘गेली’ म्हणायचं. ‘फुटली’ हा शब्द फक्त तलावाच्या पारीसाठी, म्हणजे बांधासाठी, आणि तोही उच्चारायची वेळ देवानं कुणावर आणू नये. अशा घरात माझ्या मायला धबधबा पाहायची हौस होती.

हाजऱ्याचा धबधबा दरेकशाच्या जंगलात. लग्नाआधी कुणाकडून तरी मायनं त्याचं वर्णन ऐकलं होतं, तेव्हापासून तो तिच्या डोक्यात बसला होता. दरवर्षी ती विषय काढायची आणि दरवर्षी बाबांचं उत्तर एकच, "वाया जानारं पानी पाहाले कायले जायचं?" माय गप्प बसायची. मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हते, पण माझं ऐकतो कोण?

स्वातंत्र्यानंतर दोन-चार वर्षांनी मामानं दरेकशाजवळ जंगलाच्या कडेला नवी जमीन घेतली आणि शेताच्या वरच्या अंगाला बोडी, म्हणजे लहानसं तळं, बांधली. त्या भाऊबिजेला तिकडेच जायचं ठरलं. आम्हा तिघांपैकी कुणीच ते गाव पाहिलेलं नव्हतं. बाबांना ओवाळणीत काही रस नव्हता; त्यांना साळ्याची बोडी तपासायची होती. म्हणून बैलबंडीत लाडवांच्या डब्याशेजारी त्यांचं फावडं. निघायच्या आधी माय मला हळूच म्हणाली, "या टायमाले नाही पाहिलं तं मंग माह्या नशिबातच नाही." तिचे गुडघे तेव्हाच दुखायला लागले होते, आणि इतक्या जवळ आमची बंडी पुन्हा कधी जाणार होती? मला तिची दया आली आणि बाबांचा राग.

कोंबडं आरवायच्या सुमारास निघालो. आमगाव मागे पडलं तेव्हा ऊन अंगावर आलं. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडलं होतं आणि बाबा दुसऱ्यांच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, नावं ठेवत बंडी हाकत होते. सालेकशाला बैल सोडले, शिदोरी खाल्ली, पुन्हा जुंपले. पुढे जंगल दाट झालं, रस्ता खडकाळ झाला आणि आमची हाडं खिळखिळी झाली. माय मात्र लग्नाला निघाल्यासारखी नटून, नवं लुगडं सावरत ताठ बसली होती.

एका ठिकाणी दोन वाटा झाल्या. मोळी घेऊन चाललेल्या बाईनं सांगितलं, डावीकडे हाजरा, उजवीकडे मामाचं गाव.

"जरासं पाहून येऊ ना," माय म्हणाली.

"बैल थकले. बोडी उजेडातच पाहा लागते. वापस येतानी पाहू."

बाबांचं हे ‘वापस येतानी’ मला चांगलं ठाऊक होतं. मी म्हटलं, "सकाळपासून बोडीचंच चालून राहिलं. मायचं एक काऊन नाही ऐकत तुमी?"

बाबांनी उत्तर म्हणून बैलांना उजवीकडे वळवलं. मायनं तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. मी आतल्या आत नुसती जळत होते.

वाट जंगलातून वळत, उतरत पुन्हा डाव्या अंगाला आली आणि एकाएकी बाबांनी कासरा ओढला. झाडीतून आवाज येत होता. सलग, घुमणारा, पाण्याचा. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"पार फुटली! तुया भावाची बोडी गेली!"

आणि ते फावडं उचलून उडी मारून पळत सुटले. मी "बाबा, हा तं..." एवढं म्हणते तोच मायनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वाक्य घशातच राहिलं. "चूप," ती म्हणाली. तिचे डोळे अजून ओले होते, पण ओठ हसत होते. मी बैल झाडाला बांधले आणि आम्ही त्यांच्यामागे धावलो. दुखरे गुडघे घेऊन माय माझ्यापुढे!

झाडी संपली आणि समोर हाजरा. त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत लांबला होता. काळ्या कड्यावरून पाणी भरभरून कोसळत होतं, आणि खाली खडकावर बाबा उभे, खांद्यावर फावडं, धोतर भिजलेलं, मान वर. कुठे माती टाकावी, तेच कळेना झालेलं.

मला हसू आवरेना. माय तर पोट धरून हसत होती. ती एवढ्या मोठ्यानं हसू शकते हे मला माहीतच नव्हतं.

बाबा वळले. "तुले माईत होतं?"

"होतं ना."

"मंग काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुमी आले असते काय?"

माय नव्या लुगड्यानिशी पाण्यात उतरली. "तुमच्या घरी आली तेव्हापासून अडलेलंच पानी पाहून राहिली मी," ती म्हणाली. "आज हे पडते तं पडू द्या."

खडक शेवाळलेले होते. तिचा पाय सरकला तसे बाबा फावडं टाकून पुढे झाले आणि त्यांनी तिचा हात धरला. माझ्यादेखत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. ते तिला काठाकडे आणू लागले. पण मायनं हातही सोडवला नाही आणि काठाकडेही आली नाही. ती त्यांनाच ओढत थेट धारेखाली घेऊन गेली.