कल्पनाताईंच्या निळ्या ओळी

भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात यंत्रांच्या माहितीपुस्तिका तयार करणाऱ्या कल्पना मोघे संध्याकाळी आपला संगणक बंद करत, आणि मागोमाग साऱ्या कारखान्यातल्या निळ्या ओळी मुक्या होत.

त्या ओळींची भानगड अशी. पंपाच्या पुस्तिकेत ‘मोटारीची पुस्तिका पहा’ असं निळ्या अक्षरांत असे. त्यावर माउस टिचकवला की मोटारीची पुस्तिका पडद्यावर हजर. छापील पुस्तिकांच्या काळात यासाठी कपाटं उपसावी लागत. ताईंनी अशा शेकडो ओळी जोडल्या, पण प्रत्येकीला पत्ता दिला तो आपल्याच टेबलावरच्या संगणकाचा. आधी ती निव्वळ चूक होती. लवकरच ती त्यांच्या ध्यानात आली, आणि तिचा फायदाही ध्यानात आला. दुसऱ्या पाळीचे इंजिनीयर येऊन आर्जवं करू लागले, “ताई, आज चालू राहू द्या ना!” कुणी पेरू आणी, कुणी गरम समोसे. बरखेडा कॉलनीतल्या क्वार्टरपासून कारखान्याच्या फाटकापर्यंत नमस्कार झडत. घरात ज्यांना भाजी कुठली करायची एवढंही कुणी विचारत नसे, त्या बाईंना हे मनापासून आवडे. मग चूक दुरुस्त कशाला करतील?

पण ग्वाल्हेरहून लेकीचा, सुलभाचा, फोन आला. तिचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. “आई, तू येते आहेस ना? पक्का सांग.”

ताई रजेचा अर्ज घेऊन साहेबांपुढे उभ्या राहिल्या. देवस्थळेसाहेब पुण्याहून बदलून आलेले, बोलणं धारदार.

“महिनाभर? अहो, तुम्ही जेवायला गेलात तरी बोंब होते. शिवाय या पुस्तिका सीडीवर घालून वीजघरांना पाठवायच्या आहेत. तिथे तुमचं टेबल कुठून आणायचं?”

“ते होऊन जाईल, सर.”

“मग आधी करून दाखवा. रजा त्यानंतर.”

उपाय ताईंना केव्हाचा ठाऊक होता. पूर्ण पत्ता द्यायचाच नाही, ‘शेजारच्या दारात’ एवढंच सांगायचं. कॉलनीतली दोन बिऱ्हाडं एकत्रच बदलून गेली, तर गाव कुठलंही असो, शेजारी शेजारीच राहतो. त्यांनी सगळ्या पुस्तिका एकाच फोल्डरमध्ये नांदायला घातल्या आणि मान मोडून एकेक ओळ नव्याने जोडली. मग तो फोल्डर सीडीवर उतरवला.

साहेबांनी ताईंच्या संगणकाची वायरच उपटली, सीडी स्वतःच्या संगणकात घातली आणि पंपावरून मोटारीकडे निघाले. मोटार उघडली. ताईंना रजा हवी होती, तरी एखादी ओळ अडावी असंही त्यांना फार वाटत होतं. एकही अडली नाही.

“वा! आता तुमची काहीच गरज नाही,” साहेब खुशीत म्हणाले. “जा बिनघोर.”

ताईंना हे चांगलंच झोंबलं. तोंडाने “थँक्यू सर” म्हणत त्या जागेवर आल्या, आणि प्रतींसाठी गोविंदपुऱ्यातल्या दुकानात पाठवायची सीडी नव्याने भरताना प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी त्यांनी एक निळी ओळ गुपचूप वाढवली: ‘शंका असल्यास’. ती उघडली की सुलभाच्या घरचा फोन नंबर दिसे.

ग्वाल्हेरला नात झाली. दुपटी, शेक, डिंकाचे लाडू यांत ताईंना दम खायला फुरसत नव्हती. तरी जाता-येता नजर फोनकडे. एकदा तर रिसीव्हर उचलून तो चालू आहे ना, हेही त्यांनी पाहिलं.

“आई, कुणाची वाट बघतेस?”

“कुणाची गं बघणार!”

रजा संपत आली तेव्हा एका दुपारी फोन वाजला. नातीला खांद्यावर टाकून ताई धावल्या. दूरच्या कुठल्याशा वीजघरातला माणूस बोलत होता.

“मॅडम, सब किताबें खुल रही हैं। कोई शंका नहीं है। बस ये नंबर लगता है कि नहीं, वही देख रहा था।”

ताई तिथेच वेताच्या मोढ्यावर बसल्या.

“लग गया ना?” त्या म्हणाल्या. “तो अब कुछ पूछिए भी!”