जादा ठरलेले शंख

माझी मावशी संग्रहालयाच्या तळमजल्यावर एकतीस वर्षं गोगलगायींचे शंख धुऊन, वाळवून डब्यांत भरत आली. सगळे तिला गोगलगायबाई म्हणायचे. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ हा विनोद आपल्यालाच सुचला असं प्रत्येक नव्या शिपायाला वाटायचं. ती हसायची. मला त्या लोकांचा राग यायचा, अजून येतो.

दर वर्षी ठरलेल्या आठवड्यात ती तलावामागच्या एकाच उतारावरून एकाच जातीचे दोनशे रिकामे शंख वेचून आणायची. प्रत्येक डबीत तिच्या अक्षरातली चिठ्ठी असायची: तारीख, जागा, गवतात की झाडाखाली. सगळे सारखेच तर आहेत, असं मी लहानपणी म्हटलं, तेव्हा तिनं एक पिवळा आणि एक तपकिरी माझ्या तळहातावर ठेवला. गवतात तपकिरी उठून दिसतो, झाडाखालच्या सावलीत पिवळा. पक्ष्याला दिसला तो गेला. उरला त्याचीच पिल्लं. उतारावर झाडं लावल्यापासून पिवळे वर्षागणिक घटत होते, ते तिच्या डब्यांत कुणालाही मोजता आलं असतं. उत्क्रांतीचा हा विचार जगात पहिल्यांदा नीट मांडणाऱ्या दोन शास्त्रज्ञांपैकी एकानं तो वीस वर्षं मनात घोळवला, दुसऱ्याला तो दूरच्या बेटावर तापात सुचला. दोघेही असेच ढीग जमवणारे, असं ती कौतुकानं सांगायची.

मग नवे संचालक आले. त्यांना उत्क्रांतीचं भव्य दालन हवं होतं, रंगीत दिव्यांचं, आणि त्याला जागा हवी होती. हुकूम निघाला: प्रत्येक जातीचा एक चांगला नमुना ठेवा, बाकीचे जादा नग काढा. म्हणजे उत्क्रांतीचं दालन बांधायला उत्क्रांतीचा पुरावाच बाहेर! एवढी शिकलेली माणसं, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मावशी कामावर परतली, तेव्हा मी तिला सोडायला गेले होते. शंख आवारातल्या पायवाटेवर खडीसारखे पसरलेले होते. चिठ्ठ्या तेवढ्या एका पिशवीत होत्या. अक्षर चांगलं म्हणून शिपायानं ठेवल्या होत्या. मी ओरडले. ती काठी टेकून खाली बघत राहिली.

दोन महिन्यांनी एका संशोधिकेचं पत्र आलं. तिला एकतीस वर्षांचे शंख तपासायचे होते. संचालक एकदम गोड झाले. पायवाटेवरचे धड शंख वेचा आणि अंदाजानं चिठ्ठ्या लावा, निवृत्तीआधी दालनाच्या फलकावर तुमचं नाव घालतो, म्हणाले.

“तुमच्याशिवाय कुणाला कळणार आहे?”

“कुणाला कळणार नाही,” मावशी म्हणाली, “म्हणूनच नाही लावणार.”

तिनं स्वतःच उत्तर लिहिलं: शंख आम्ही फेकले. त्या ‘आम्ही’वरून मी तिच्याशी भांडले. तू कुठे फेकलेस? ती म्हणाली, दारावरची पाटी संग्रहालयाची आहे आणि पगार मीही घेते.

फलकावर अर्थातच तिचं नाव नाही. दालनात काचेखाली एकच शंख आहे, पिवळा, चकाकणारा. त्या उतारावर तसा शंख आता शोधूनही सापडत नाही, आणि तो का सापडत नाही हे मुलांना दाखवायला आता तिथं काहीच उरलेलं नाही.