उजव्या गालातली कळ

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की हा सुरू. कात्री थांबेल, पण तोंड नाही. “दाढी दहा मिनिटांची आणि बातम्या तासाभराच्या,” असं त्याची बायकोच म्हणायची.

बावन्नाव्या वर्षी एका सकाळी तोंड धुताना त्याच्या उजव्या गालात कळ आली. साधी नव्हे, उघड्या वायरला हात लागावा तशी. दोन-चार सेकंदांत गेली आणि दात घासताना परत आली. दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढली. मग तिच्या शेजारची. मग तिसरी. दाढा गेल्या, कळ तिथेच.

पुढचं वर्ष कसं काढलं ते त्याने मला नंतर सांगितलं. पंख्याचा वारा लागला तरी कळ यायची, म्हणून भर उन्हाळ्यात सलूनचा पंखा बंद. गिऱ्हाइकं घामाघूम होऊन समोरच्या सलूनमध्ये जाऊ लागली. घास चावला की कळ, बोललं की कळ. दिवसभर लोकांच्या गालांवर वस्तरा फिरवायचा आणि स्वतःच्या गालाला बोट लावायची सोय नाही. वजन उतरलं, झोप उडाली. बायकोला वाटलं, हा आपल्यावर रुसलाय. “अहो, माझं काही चुकलं का?” असं तिने विचारलं तरी तो नुसता बघत राहायचा.

पण हळूहळू कळ नसतानाही तो गप्पच राहू लागला. हे निराळं होतं, आणि त्याच्या ओळखीचं होतं. एकोणिसाव्या वर्षी तो असाच आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्यात एकदा स्वतःच्या जिवावर उठला. थोरल्या बहिणीने, अक्काने, वेळेत पाहिलं म्हणून वाचला. आईने नातेवाइकांना सांगितलं, “कावीळ झाली होती.” लग्न ठरताना मुलीकडच्यांनाही कावीळच सांगितली.

एका दुपारी त्याने आपली ठेवणीतली कात्री समोरच्या सलूनवाल्याला देऊन टाकली. बायकोने सहज म्हणून अक्काला फोनवर सांगितलं, “वीस वर्षं कुणाला हात लावू दिला नाही, आणि आज देऊन आले. चेहरा मात्र बरा दिसतोय हो. शांत.”

“त्याच्यापाशी बस,” अक्का म्हणाली. “मी येईपर्यंत हलू नकोस.”

दोन बस बदलून ती थेट सलूनमध्ये आली, दार लोटलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली.

“खरं सांग. जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?”

“काहीतरीच काय अक्का,” असं बायको म्हणणार, तेवढ्यात तो म्हणाला, “हो.”

मग गाल धरून, तुटक तुटक: “नाही सोसत. तेव्हा वाचवलंस ना... उगाच वाचवलंस.”

अक्का रडली नाही. “चपला घाल,” एवढंच म्हणाली.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी चेहऱ्याच्या नसेचं दुखणं पाच मिनिटांत ओळखलं. दातांचा काही दोषच नव्हता. मग त्यांनी मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंना बोलावलं.

“याआधी कधी असं झालं होतं?” बाईंनी विचारलं.

त्याने अक्काकडे पाहिलं. अक्काने सांगितलं. त्याच्या बायकोने लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर ते पहिल्यांदा ऐकलं.

“ही दोन्ही दुखणी एकमेकांना वाढवतात,” बाई म्हणाल्या. “एकाला औषध आणि दुसऱ्याकडे काणाडोळा, असं चालायचं नाही.” पंधरा दिवस त्याला ठेवून घेतलं.

गोळ्यांनी कळ निम्म्यावर आली, पण भोवळ येते, वस्तरा धरवत नाही. सलूनला कुलूप आहे. गोळ्या बायकोच्या ताब्यात. ती त्याला एकटं सोडत नाही आणि कधी कधी फणकारते, “मलाही कावीळच सांगितलीत!” एखाद्या सकाळी तो म्हणतो, “आज परत तेच येतंय मनात.” मग हातातलं काम टाकून ती आधी बाईंना फोन लावते, मग अक्काला.

गेल्या गुरुवारी ती तिघं तपासणीला निघाली होती. वारा सुटला होता. कोपऱ्यावर तो गाल धरून वाकला. बायको वाऱ्याच्या बाजूला उभी राहिली, अक्काने पिशवी आडवी धरली. कळ काही जाईना.

“घरी जायचं का?” बायकोने विचारलं.

त्याने हातानेच नाही म्हटलं. तिघं तिथेच उभी राहिली.