किल्लेदाराची बंडी

ऐतिहासिक नाटक म्हटलं की हौशी मंडळींच्या डोक्यात एकच गोष्ट, झगमग! भाड्याने आणलेली लग्नातली शेरवानी, वर प्लास्टिकच्या मोत्यांची माळ, झाला सरदार. नाशिकच्या आमच्या नाट्यमंडळाचे कपडे मीच करते आणि यावरून दर नाटकाला माझी भांडणं होतात. सुती अंगरखा, कमरेला शेला, बस्स. एक टिकलीसुद्धा मी लावू देत नाही.

गेल्या वर्षीच्या नाटकात गड सोडायला नकार देणारा म्हातारा किल्लेदार होता. ते काम काकांचं. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने नट, नाशिक रोडला राहणारे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. माप घ्यायला छातीभोवती टेप फिरवली आणि माझा हात थबकला. मागच्या नाटकापेक्षा टेप कितीतरी आत आली होती.

"कुणाला बोलू नकोस," ते हळूच म्हणाले. "औषधं चालू आहेत. एवढं एक काम करू दे मला."

मी नुसता अंगरखा पुन्हा पुन्हा आत घेत राहिले. तालमीत बाकीचे म्हणायचे, "भूमिकेसाठी वजन उतरवलंत काका? मानलं बुवा!" दोघांनी तर त्यांचं बघून चक्क भात सोडला. हसावं की रडावं, मला कळेना.

दिग्दर्शकाला मात्र ते पटेना. मला बाजूला घेऊन म्हणाला, "असला काडीपैलवान गड राखणार? अंगरखा नुसता लोंबतोय. दुसरा कुणीतरी बघावा लागेल."

"माणूस बदलायचा नाही. कपड्याचं मी बघते," मी फाडकन बोलले.

त्या काळी लढणारी माणसं अंगात कापूस भरलेली जाड बंडी घालत. मी गादीवाल्याकडून पिंजलेला कापूस आणला. खांद्यांत भरला, छातीत भरला, पाठीत कमीच ठेवला, त्यांना ओझं सोसवलं नसतं. शिवताना सारखा राग येत होता. कुणाचा, काय सांगू?

प्रयोगाला आधी बंडी चढवली, वर पुन्हा सैल केलेला अंगरखा, मग बंद बांधले. आरशात बघून काका ताठ झाले. पडदा उघडला आणि आमचा जुना भरदार माणूस रंगमंचावर चालू लागला. आवाज मध्येच दमत होता. लोकांना तो किल्लेदाराचा थकवा वाटला.

प्रयोगानंतर काकू मेकअपच्या खोलीत आल्या. दुखण्याचं घरात फक्त त्यांनाच माहीत होतं. काका घामाने निथळत होते. मी घाईघाईने वरचा बंद सोडला, तर काकूंनी माझा हात धरला.

"थांब गं जरा. असू दे अंगावर."

"अगं, उकडतंय मला," काका म्हणाले.

"उकडू दे. किती दिवसांनी असे दिसताय."

आणि त्या भरलेल्या खांद्यावर त्यांनी डोकं टेकवलं. मी सोडलेला बंद पुन्हा बांधला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.