नंदादीपाची उसनी ज्योत

आमचं राज्य खालसा झालं तेव्हा आजोबांच्या भाल्याचं पातं सरकारजमा झालं आणि दांडा तेवढा घरी राहिला. तो माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या हातात आला. लढाई कुठली उरलीय म्हणून ते घरच्यांशीच लढत. माझी पाठ त्या दांड्याला चांगली ओळखते.

माझा थोरला भाऊ अण्णा बाप्तिस्मा घेणार अशी बातमी आली त्या दुपारी अप्पांनी भटजींना निरोप धाडला, उद्या सकाळी घटस्फोट. म्हणजे पाण्याचा घडा लवंडायचा आणि जित्या मुलाला मेला म्हणायचं. मग वहिनी विधवा. केशवपनासाठी न्हाव्यालाही सांगून ठेवलं. वहिनीचे केस गुडघ्यापर्यंत होते. ती तेव्हापासून देवघराशी बसून होती.

दिवेलागणीला अण्णा आला. हाताचा आडोसा करून बाप्तिस्म्याची पेटती मेणबत्ती सांभाळत चर्चपासून घरापर्यंत चालत आला होता. पाद्र्याने सांगितलं होतं, हा ख्रिस्ताचा प्रकाश, जन्मभर विझू देऊ नकोस. पाद्री मनातल्या श्रद्धेबद्दल बोलत होता. पण नंदादीपाच्या घरात वाढलेला आमचा अण्णा, त्याला विझू न देणं म्हणजे तेल-वातच कळणार!

"बायकोला न्यायला आलोंय," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला.

अप्पांच्या दांड्याचा पहिला तडाखा उजव्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. अण्णाने मेणबत्ती डाव्या हातात घेतली. दुसरा खांद्यावर, तिसरा कानशिलावर. रक्त डोळ्यांत उतरलं, तो गुडघ्यांवर आला, पण उलटून हात उचलला नाही. मला त्याचा भयंकर राग आला. मार ना, मेल्या, तूही मार!

तेवढ्यात वहिनी उठली, बाहेर गेली आणि तिने त्याच्या हातातली मेणबत्ती घेतली.

अप्पांनी तिच्यावर दांडा उगारला. उगारताना त्याचं टोक मागे गेलं आणि दारालगतच्या देवघरातल्या टांगत्या नंदादीपावर बसलं. साखळी तुटली, तेल सांडलं, दिवा विझला.

"अय्यो!" आई किंचाळली. तो दिवा तिच्या सासूच्याही सासूने लावलेला. घरात काडेपेटी नव्हती, चूल थंड होती आणि दिवेलागणीनंतर शेजारी कुणी विस्तव देत नाही. आईने दिवा उचलला, नवी वात घातली, तेल ओतलं आणि थेट वहिनीपुढे जाऊन उभी राहिली.

"ज्योत दे गे, पोरी."

"खबरदार!" अप्पा ओरडले.

"मग तुम्ही आणा विस्तव," आई म्हणाली. असं ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती.

वहिनीने वात पेटवली, आईला वाकून नमस्कार केला आणि अण्णाला बगलेत धरून, मेणबत्ती पुढे करून गल्लीतून निघून गेली. न्हावी आला तेव्हा घरात डोकं भादरायला कोणी नव्हतं.

तरी सकाळी अप्पांनी घडा लवंडलाच, दोघांच्या नावाने. "मेली दोघं!" गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. विधीला साक्षीला दिवा लागतो, म्हणून समोर नंदादीप तेवत ठेवला होता. मी त्याच्या उसन्या ज्योतीकडे पाहिलं आणि मला हसू फुटलं. दांडा पाठीत बसला, पुन्हा बसला, तरी ते थांबेना.