शहाणी म्हणणारा माणूस

नेरे गावच्या महादेवबाबांचा कोणावर म्हणून विश्वास नसे. दुधात बोट बुडवून बघतील, खेकडा घेताना त्याचं पोट दाबून बघतील, आणि लग्नपत्रिका आली की आधी नवऱ्यामुलाचं वय विचारतील. शिक्षण गावच्या शाळेत सातवी. पण छापील अक्षर दिसलं की औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा मोठ्यानं वाचायचे.

खांदा कॉलनीत मुलाकडे राहायला आलेले असताना पंधरा वर्षांची नात अंकिता सोफ्यावर एक पुस्तक ठेवून क्लासला गेली. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर. झालं! कव्हर घातलंय म्हणजे आत काहीतरी झाकलंय. बाबांनी चष्मा चढवला.

कुठल्याशा परदेशातल्या बाईनं आपलीच कहाणी लिहिलेली, ती कोणीतरी मराठीत आणलेली. ती शाळेत असताना ओळखीतला एक बाप्या तिच्याशी गोड बोलायचा, भेटवस्तू द्यायचा, हळूहळू मैत्रिणींपासून तोडायचा. पुढे त्यानं पोरीचे फार हाल केले. पण बाबा अडकले ते त्याच्या पहिल्याच गोड वाक्यावर : ‘तू वयाच्या मानानं फार शहाणी आहेस.’

शानी? बाबा ताडकन उठून बसले. नेऱ्यात पोर शानी झाली म्हणजे तिला पाळी आली. बायका बायकांत बोलायची गोष्ट ती. परक्या पुरुषानं तोंडातून काढायची नाही.

अंकिता घरात शिरते न शिरते तोच त्यांनी पुस्तक पुढं केलं. “काय गं, हा मेला पोरीला शानी कसा म्हनतो?”

ती खळखळून हसली. “आजा, शहाणी म्हणजे हुशार! तुझं आपलं काहीतरीच.”

“मला नको शिकवू. त्याच्या मनात वायलंच काय तरी हाय.”

तिचं हसू थांबलं. “आमचे डान्सचे सर पण मला असंच म्हणतात.”

“आनी काय म्हनतात?”

“घरी सांगू नको म्हणतात. सगळ्या गेल्या की मला एकटीला थांबवतात.” ती पुस्तकाचं कव्हर नखानं खरवडत राहिली. “मी मुद्दामच ठेवलेलं हे इथं. तोंडानं सांगता येत नव्हतं. कव्हर बघून तू वाचशीलच, माहीत होतं.”

गेल्या दिवाळीत त्याच सरांना बाबांनी करंज्यांचा डबा पाठवला होता.

“आजा, माझंच चुकलं ना?”

“तुझं काय चुकतंय गं! त्याचं मुडदं बशिवलं... विनिता! ए विनिता! गॅस बंद कर नि हितं ये.”

सूनबाई पिठाच्या हातांनी आली. अंकिता आईकडे न बघता सांगू लागली.

सगळं ऐकून विनितानं लेकीला छातीशी घेतलं. तिच्या कपड्यांवर पीठ लागलं.

“बाबा,” ती म्हणाली, “ह्यांना फोन लावा. सरळ पोलीस ठाण्यात या म्हणावं.”